हत्तींची दोनशे वर्षं

"दोनशे वर्षं परत आण! आठ दिवसांत! नाहीतर नोकरी सोड आणि राजवाड्यामागची खोलीही रिकामी कर!"

करंजगडचे अप्पासाहेब महाराज असे गरजले की धाकोजीच्या हातातली चिंच गळून पडली.

महाराजांना नाद होता जुन्या, कांस्याच्या ओतीव टेकूंचा. फळीवर उभी पुस्तकं कोलमडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लावतात ते टेकू. सिंह, मोर, पैलवान अशा साठ जोड्या जमल्या होत्या. दिवाणखान्यात टेकूंना जागा पुरेना, तेव्हा पुस्तकंच माळ्यावर गेली. खाली उरली चार, त्यातलं एक गेल्या सालचं पंचांग!

सगळ्यांत लाडकी जोडी हत्तींची. ती एका व्यापाऱ्याने शपथेवर विकली होती. "याच हत्तींनी आपल्या मुलखातल्या एका सरदाराच्या पोथ्या दोनशे वर्षं सावरल्या!" असं महाराज प्रत्येक पाहुण्याला सांगत, पाहुणा घाईत असला तरी.

दिवाणखान्याची झाडलोट धाकोजीकडे. दिवाळी तोंडावर आली आणि ते काळेकुट्ट हत्ती पाहून त्यालाच लाज वाटली. त्याने चिंच आणि राख घेऊन हत्ती असे घासले, असे घासले, की लखलखायला लागले. वर बक्षीस मिळेल म्हणून महाराजांना स्वतःच बोलावून आणलं. एवढा शहाणा माणूस अख्ख्या करंजगडात दुसरा नव्हता!

"अरे गाढवा, तो काळा थर म्हणजेच त्यांचं वय होतं!"

"महाराज, मला वाटलं मळ आहे."

"तुला काही वाटावं म्हणून पगार देत नाही मी!"

सात दिवस धाकोजीने डोकं खाजवलं. केस गेले, वर्षं काही आली नाहीत. देवाने मला हात दिले आणि डोकं द्यायच्या वेळी त्याला उचकी लागली असणार, असं तो बायकोला, भागूला, सांगत राहिला. पण वीस वर्षांची ती खोली सुटणार या विचाराने तो रात्री उठून तिच्या भिंतींवरून हात फिरवायचा.

सातव्या दिवशी दुपारी दोघं सामान बांधायला बसली. धाकोजीने आजोबांची पोथी बासनातून सोडून पेटीत उभी ठेवली. सर्रकन सगळी पानं घसरून पेटीभर झाली.

"अहो, पोथी कुणी उभी ठेवतं का? पानं सुटी असतात तिची!" भागू ओरडली.

धाकोजी पानं गोळा करता करता थांबला आणि एकदम हसायलाच लागला. भागूला वाटलं, उरलंसुरलं डोकंही गेलं!

आठव्या दिवशी महाराजांनी विचारलं, "आणलीस दोनशे वर्षं?"

"आणायची कशाला, महाराज? त्यांचा हिशेब आपल्याच देवघरात आहे. आपल्या पूर्वजांनी लिहवून घेतलेली ती जुनी पोथी मागवा आणि या हत्तींच्या मधे उभी करा. उभी राहिली, तर मी आत्ता चालू लागतो."

पोथी आली. महाराजांनी तांबडं बासन सोडलं, पोथी हत्तींच्या मधे उभी केली आणि हात काढला. अर्धी पानं त्यांच्या मांडीवर आली! त्यांनी ती गोळा करून पुन्हा लावली. हत्ती आणखी जवळ सरकवले. पानं आता दुसऱ्या बाजूने आली.

"म्हणजे त्या सरदाराच्या पोथ्या..."

"आडव्याच असणार, महाराज! बासनात गुंडाळून, सुखाने झोपलेल्या. झोपलेल्याला टेकू कशाला? जी वर्षं या हत्तींनी काढलीच नाहीत, ती माझ्या चिंचेने जातील कशी?"

महाराज हत्तींकडे बघत राहिले. मग एकेका फळीवरून त्यांची नजर फिरली. सिंह, मोर, पैलवान... आणि ते असे खदखदून हसले की उरलेली पानंही घसरली.

"धाकोजी, तू मूर्ख ठरलास एका जोडीत. मला साठ लागल्या रे! खोली आजपासून कायमची तुझी. हे सोन्याचं कडं घे. आणि हे हत्तीही घेऊन जा!"

"कडं घेतो, महाराज," धाकोजीने मुजरा केला, "हत्ती राहू देत. पाहुण्यांना सांगायला आपल्याला काहीतरी हवंच ना!"