झिर्कोनियाचा दात आणि अख्खी सुपारी

डॉक्टर निंबकरांनी माझी दाढ टकटक वाजवून पाहिली. "आजोबा, ही हलतेय. काढून टाकू. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवू, वर झिर्कोनियाचा दात. अगदी दगड! माझ्याही तोंडात तोच आहे."

मला शंका आली. कालच तर या दाढेनं ऊस खाल्लेला.

खिशातून दोन अख्ख्या सुपाऱ्या काढल्या आणि एक त्यांच्यापुढे धरली. "घ्या. तुम्ही तुमच्या दगडानं फोडा, मी माझ्या हलत्या दाढेनं फोडतो."

डॉक्टर दचकले. "अहो, असलं कडक त्यानं चावायचं नसतं! तडकेल ना!"

मी माझी सुपारी दाढेखाली धरली. कट्‌कन दोन तुकडे! एक त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मग डॉक्टर, तुमचाच काढा की! आणि माझ्यासारखा बसवून घ्या."