नरसू मिस्त्रीची उदबत्ती

कराडच्या नरसू मिस्त्रीकडे घोरपडेसाहेब गाडी घेऊन आले ते हुकूम सोडतच. "मी अधीक्षक अभियंता होतो. दोष कार्बुरेटरमध्येच आहे. आज जमलं नाही, तर गाडी भंगारात!"

ती जुनी गाडी साहेबांच्या दिवंगत पत्नीची, हे नरसूला ठाऊक होतं. उभ्या जागी इंजिन आचके देत होतं. साहेबांच्या सांगण्यावरून दोन गॅरेजवाल्यांनी कार्बुरेटर बदलून पाहिला होता.

नरसूने गणपतीपुढची उदबत्ती उचलली आणि चालू इंजिनच्या नळ्यांजवळून हळूहळू फिरवली.

"आता इंजिनची पूजा करतोस? अडाणी कुठला!"

तेवढ्यात वर जाणारा धूर वाकला आणि एका रबरी नळीच्या बारीक चिरेत ओढला गेला. नरसूने चिरेवर बोट दाबलं. बाहेरची हवा आत शिरायची थांबली, तसं इंजिन शांत चालू लागलं. नरसूने नळी बदलली.

मग साहेब हळूच म्हणाले, "त्या दोघांना कसं रे सापडलं नाही?"

"त्यांना तुमचा हुद्दा माहीत होता, साहेब," नरसू हात पुसत म्हणाला. "धुराला नव्हता."