चाकापुढचे पाचवे लिंबू

ही कथा सांगणारे ती तीन प्रकारे सांगतात. कुणी ती पागेत बांधून ठेवलेल्या घोड्याची म्हणून सांगतो, कुणी वर्षभर झाकून ठेवलेल्या रथाची म्हणून. तिसरे रूप सर्वांत अलीकडचे असून त्यात मोटारसायकली आहेत. वाहन बदलत गेले, तरी ते जागचे हलवणार नाही असा दिलेला शब्द तिन्ही रूपांत कायम आहे. पहिल्या दोन रूपांत शब्द मोडणारा पकडला जातो. तिसरे रूप नेमके तेथेच वेगळी वाट धरते, म्हणून तेच येथे दिले आहे.

एका गावात तातोबा इंगवले नावाचे तंत्रशाळेतले एक निवृत्त शिक्षक राहत; सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्यापाशी पाच जुन्या मोटारसायकली होत्या. तसल्या गाड्या आता कोणत्याच कारखान्यातून निघत नव्हत्या. एखाद्या सुट्या भागासाठी तात्या तीन-तीन जिल्हे पालथे घालत. परसातल्या कौलारू शेडमध्ये त्या ओळीने उभ्या असत. तात्यांनी त्यांचा विमा उतरवला होता, पण तो उभ्या गाड्यांचा. आग लागली, चोरी झाली, पडझड झाली तर भरपाई मिळणार होती. अट एकच होती: गाडी रस्त्यावर न्यायची नाही. तात्यांनी तसे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून दिले होते.

दसऱ्याला ते पाचही गाड्यांना झेंडूच्या माळा घालत आणि प्रत्येकीच्या पुढच्या चाकापुढे एक लिंबू ठेवत. गावातल्या इतर गाड्या लिंबू चिरडून देवळापर्यंत फेरी मारून येत. तात्यांची लिंबे मात्र जागच्या जागी वाळत.

“तात्या, ह्या लिंबांचं लोणचं तरी घाला की,” त्यांचा जुना स्नेही बाबालाल मिस्त्री दरवर्षी म्हणे.

एका दसऱ्याला तात्यांना मोह आवरला नाही. सर्वांत जुन्या लाल गाडीत त्यांनी पेट्रोल घातले. पहिल्याच किकला ती सुरू झाली. लिंबू चिरडून ते देवळापर्यंत गेले, आणि परतताना ओढ्याच्या वळणावर एक रेडकू आडवे आले. तात्यांचा गुडघा खरचटला. गाडीची टाकी चेपली आणि पुढचा दिवा फुटला. बाबालालच्या मदतीने त्यांनी ती ढकलत आणली आणि ओळीत उभी केली.

चार दिवसांनी परतीच्या पावसात शेडची मागची भिंत कोसळली. दोन गाड्या तिच्याखाली पार चेंगरल्या. शेजारच्या लाल गाडीवर नुसता विटांचा चुरा उडाला. चेंगरलेल्या गाड्या पुन्हा उभ्या करणे निवृत्तिवेतनात बसणारे नव्हते. विमा मिळाला नाही तर दोन्ही भंगारात जाणार, हे तात्यांना पक्के ठाऊक होते.

आठवड्याने विमा कंपनीच्या ढवळीकरबाई पाहणीला आल्या. त्यांच्यामागून बाबालालबरोबर शेडमध्ये शिरताना तात्यांचे लक्ष चाकांकडे गेले. चार लिंबे आकसून तपकिरी झाली होती. लाल गाडीपुढे मात्र एक पिवळेधमक लिंबू होते. तात्यांनी बाबालालकडे पाहिले.

“गप बसा,” तो कुजबुजला. “धूळ तीच, विटा त्याच. कोण बघतंय?”

कोणीच बघत नव्हते. बाईंनी छायाचित्रे घेतली, नुकसानीच्या यादीत तिन्ही गाड्या लिहिल्या आणि कागद सहीसाठी पुढे केला. तात्यांनी पेन उघडले. माप चुकले तर चुकले म्हणून सांगा, कानस मारून लपवू नका, असे ते विद्यार्थ्यांना तीस वर्षे सांगत आले होते. त्यांनी पेन मिटले, वाकून ते पिवळे लिंबू उचलले आणि बाईंच्या कागदावर ठेवले.

“मॅडम, हे लिंबू आजचं आहे. बाकीची चार दसऱ्याची. इथलं दसऱ्याचं लिंबू मी चिरडलं. ही गाडी भिंतीमुळे मोडली नाही. ती मी पाडली.”

“रस्त्यावर?”

“रस्त्यावर. देवळाहून येताना.”

बाबालालने कपाळावर हात मारला. “झालं! आता पाचही लिंबं आमच्याच डोक्यावर पिळा.”

ढवळीकरबाईंनी लिंबू उचलून कागद परत घेतला. “तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं. पण आता मला हे लिहावं लागेल. कदाचित पाचही गाड्यांचा विमा जाईल.”

“लिहा,” तात्या म्हणाले. “घडलं तसंच लिहा.”

महिन्याने पत्र आले. लाल गाडीची भरपाई नामंजूर झाली होती आणि तिचा विमाही रद्द झाला होता. चेंगरलेल्या दोन गाड्या मात्र जागेवरून कधीच हलल्या नाहीत, असे तात्यांनी सांगितले होते. ज्याने स्वतःविरुद्ध खरे सांगितले त्याचे हेही म्हणणे खरे मानावे, असा शेरा ढवळीकरबाईंनी मारला होता. त्या दोन गाड्यांची भरपाई मंजूर झाली. लाल गाडीची टाकी तात्यांनी स्वतः ठोकून सरळ केली. त्यात त्यांचा सगळा हिवाळा गेला.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी पाच चाकांपुढे पाच लिंबे ठेवली, शेडचे दार ओढून घेतले आणि बाबालालबरोबर ते देवळाला पायी गेले.

तात्पर्य: मोडलेला शब्द जो स्वतःहून कबूल करतो, त्याच्या उरलेल्या शब्दावर जग विश्वास ठेवते.