धुक्यातली साद आणि सहा तारा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खाडीतली खेकडीसुद्धा माणसांशी बोलायची, आणि माणसं हातातलं काम ठेवून तिचं ऐकून घ्यायची.

एका सकाळी एका नाखव्याच्या बायकोनं चुलीतली भाकरी डाव्या हातानं उचलली आणि तिची बोटं पोळली. भाकरीनं बोट पोळणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण ती दचकली, कारण त्या हाताची बोटं आजवर कधी पोळली नव्हती. तिनं ती उजेडात धरून पाहिली. शेंड्यांवरचे घट्टे गेले होते. बोटं मऊ झाली होती, दुसऱ्याच कुणा बाईची असावीत तशी.

ते घट्टे गिटारीचे होते. तिचे वडील होड्या बांधणारे सुतार. दूरच्या मुलुखातल्या एका खलाशाची फुटकी होडी त्यांनी नीट करून दिली, तेव्हा त्यानं खूश होऊन सहा तारांची, कमरेत बारीक अशी एक गिटार त्यांना दिली. मुलगी त्या गिटारीबरोबर वाढली आणि लग्न होऊन सासरी आली, तेव्हा गिटार पाठीला बांधूनच आली.

आता या सासरगावची एक रीत ऐका, म्हणजे ती का दचकली ते कळेल.

थंडीत तिथं असं धुकं पडायचं, की घास तोंडाकडे नेताना वाट चुकावी. प्रत्येक नाखव्याच्या घराला पाण्यात उतरणारी स्वतःची पायरी होती आणि प्रत्येक पायरीकडे येणारी, खडकांमधून जाणारी एकच चिंचोळी वाट होती. धुक्यात वाट दिसणार कशी? म्हणून घरची बाई पायरीवर बसून आपल्या घराची साद घालायची. एका घरचा शंख, एका घरची थाळी, एका घरी रिकाम्या उखळात मुसळ आपटायचे. दोन घरांची साद कधी सारखी नसे. नाखवा आपली साद ओळखायचा आणि तिच्या रोखानं होडी आत घ्यायचा. दुसऱ्याच्या सादेमागं गेला, तर खडकावर गेला.

आणि नवी सून आली की तिची साद तीच घराची साद. सासूची साद तिच्या लेकीला आंदण जायची. दिलेली साद परत मागायची नाही, हा नियम.

म्हणजे या घराची साद आता गिटार होती.

"शंख गेला आणि डास आला घरात," सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण सुनेनं पायरीवर रिकामा रांजण आडवा घातला, त्याच्या तोंडाशी गिटार टेकवली आणि तारा छेडल्या. रांजण घुमला. आवाज पाण्यावरून असा पसरत गेला, की धुकंच गुणगुणतंय असं वाटलं. नाखवा त्या सुरामागं सरळ घरी आला. त्या दिवशी सासूबाईंनी सुनेच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला.

दोन हिवाळे असे गेले. मग लेक झाली. मग सासऱ्यांनी अंथरूण धरलं. मग दुसरं बाळ झालं, आणि त्या थंडीत नाखवा लांब गेलाच नाही, होडी खुंट्यालाच राहिली. गिटार जाळ्यांमागच्या खुंटीवर गेली. कुणी वाजवू नको म्हटलं नव्हतं. कुणी तिच्या हातातून काढून घेतली नव्हती. तिचं तिलाच कळलं नाही, की शेवटचं कधी वाजवलं.

आणि आता दीड महिन्यात धुकं येणार होतं, आणि नाखवा म्हणत होता, "यंदा लांबच्या पाण्यात जायलाच हवं."

तिनं गिटार काढली. आतून गुंऽऽ करत एक कुंभारमाशी बाहेर आली, तशी ती किंचाळून मागे झाली. गिटारीच्या पोटात मातीचं घर झालेलं. तिनं माती काढली, तार दाबली. तार बोटात रुतली. ओळखीची सुरावट चार पावलं गेली आणि अडखळली. तेवढ्यात बाळ रडलं, आतून सासरे खोकले, आणि सासूबाईंचा आवाज आला, "अगं, भात उतू जातोय! का त्यालाही गाणं ऐकवतेस?"

गिटार खुंटीवर गेली. "उद्या," ती मनाशी म्हणाली. "सगळं आवरल्यावर. निवांत झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी सगळं आवरलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती बोटं मुठीत झाकून घ्यायची. मनात यायचं, धुक्यात एक होडी फिरतेय आणि तिला बोलावणारं कुणीच नाही. मग छपरावरचं झावळीचं पान हललं तरी ती उठून बसायची.

नवव्या दिवशी ओहोटीला ती तिसऱ्यांचे शिंपले वेचायला चिखलात उतरली. पायाशी काहीतरी सळसळलं. ती उडालीच.

"एवढं घाबरायला काय झालं? घर माझं तुडवतेस तू, आणि ओरडतेसही तूच," खाली एक खेकडी म्हणाली. वाटाण्याएवढे मातीचे गोळे काढून ती बिळाबाहेर टाकत होती.

"चुकलं बाई," ती म्हणाली. "नवीन घर बांधतेस?"

"नवीन कसलं? जुनंच. भरती आली की बुजतं."

"रोज?"

"रोज दोनदा."

नाखव्याच्या बायकोला का कुणास ठाऊक, रडूच आलं. चिखलात उकिडवी बसून तिनं खेकडीला सगळं सांगितलं: बाळ, सासरे, भात, मऊ बोटं, येणारं धुकं. "मला एक निवांत दुपार मिळाली ना," ती शेवटी म्हणाली, "तर सगळं परत येईल."

खेकडीनं दोन्ही डोळे वर काढून तिच्याकडे पाहिलं. "माझी एक चुलती होती. ती म्हणायची, समुद्र एकदाचा शांत होऊ दे, मग असं बीळ खणते की बघत राहाल."

"मग?"

"मग काय? बगळ्यानं खाल्ली." खेकडीनं आणखी एक गोळा बाहेर टाकला. "समुद्र काही माझ्यावर रागावून येत नाही, बाई. त्याचं येणं त्याला चुकत नाही, माझं उकरणं मला. दोन भरत्यांमध्ये जेवढं होईल तेवढं माझं. जा आता, पाणी चढतंय."

ती घरी आली आणि तिनं पहिली गोष्ट कुठली केली असेल? वाजवायला बसली? छे. तिनं गिटार जाळ्यांमागून काढली आणि चुलीजवळच्या लाकडी मेढीला, हात घालताच येईल अशी टांगली.

मग भाताला उकळी येईपर्यंत ती वाजवू लागली. उकळी आली की थांबायचं. बाळ झोळीत घातलं की पायानं झोका आणि हातानं तार. सासऱ्यांचा काढा निवेस्तोवर एक ओळ. कधी नुसतीच एक तार पिळून सुरात आणायची आणि उठायचं. बोटं सोलवटली, भांडी घासताना राख झोंबली. लेक येऊन सगळ्या तारांवर पंजा मारायची आणि म्हणायची, "आता माझी पाळी!" तेव्हा तेवढंच वाजवणं त्या दिवसाचं.

"घर आहे का देवळाचा मंडप?" सासूबाई म्हणायच्या. "एक ओळ धड पुरी होत नाही तुझी."

"होईल, सासूबाई. नाही झाली तर अर्धीच ऐका."

सगळेच दिवस असे गेले नाहीत हं. एकदा बाळाला ताप आला आणि पाच दिवस गिटारीला कुणाचं बोट लागलं नाही. सहाव्या दिवशी तिला वाटलं, झालं, मोडलं सगळं, आता कशाला. ती कितीतरी वेळ गिटारीसमोर नुसती उभी राहिली. मग भात चुलीवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.

पौषात धुकं आलं.

नाखवा चार दिवसांपूर्वी लांबच्या पाण्यात गेला होता आणि त्या सकाळी परतायचा होता. उजाडलं, पण फटफटलं तेवढंच. जग दुधात बुडल्यासारखं झालं होतं. पायरी कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं, ते कळत नव्हतं. तिनं रांजण आडवा घातला आणि वाजवू लागली. आजूबाजूला शंख फुंकले जात होते, थाळ्या वाजत होत्या, उखळ घुमत होतं. एकेक होडी धुक्यातून सावलीसारखी उगवायची, एकेका पायरीला लागायची, आणि ती साद थांबायची. शंख थांबला. थाळी थांबली. शेवटी मुसळही थांबलं.

आता सगळ्या खाडीवर एकटी गिटार उरली.

ती वाजवत राहिली. गार वाऱ्यानं बोटं बधिर झाली. सुरावट तिसऱ्या ओळीवर तुटली, तिनं पुन्हा पहिल्यापासून धरली. घरात बाळ रडायला लागलं. तिचा हात थबकला.

"तू वाजव," मागून सासूबाई म्हणाल्या. बाळ त्यांच्या कडेवर होतं. त्या पायरीवर तिच्या शेजारी टेकल्या आणि लाटेनं डुलणारा रांजण त्यांनी एका हातानं घट्ट धरला. "बाळाचं मी बघते. ते काय, तुझं ऐकतच मोठं झालंय. माझा लेक आत आण."

एक तार तुटली. फट् आवाज झाला तशी ती इतकी दचकली, की गिटार पाण्यातच जायची. पण हात थांबले नाहीत. महिनाभर ते असेच चालत आले होते, मध्येच तुटून आणि पुन्हा जोडून. पाच तारांवर तिनं ओळ पुरी केली. मग पुढची. मग पुन्हा पहिली. पाण्यावरून काहीच येत नव्हतं. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

आणि मग धुक्याच्या पोटातून, खूप लांबून, उजवीकडच्या खडकांपलीकडून एक घोगरा आवाज आला:

"ऐकू येतंय गं! थांबू नकोस, वाजवत राहा, वळतोय मी!"

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, आपल्या आवडीच्या कामासाठी निवांत दिवसाची वाट पाहू नका. घरच्या धांदलीतच त्याला रोज चिमूटभर वेळ द्या, म्हणजे गरजेच्या वेळी ते तुमच्या हातात असेल.