बोटभर जागा

सायकली माणसांशी बिनधास्त बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. शाल्मलीने भंगारातून एक जुनी पोलादी फ्रेम उचलून आणली, पण नवं गिअरचं चाक तिच्यात बसेचना. बोटभर जागा कमी!

"आजी, मी काही बारीक होणार नाही हं," चाक फुशारलं. "तुम्ही भंगारातच बऱ्या!"

फ्रेमला पक्कं ठाऊक होतं, आता भंगारात परत गेलं की थेट भट्टी!

"चाचा, ताणा मला," ती मेकॅनिक इस्माईलचाचांना म्हणाली.

"आणि मोडलीस तर?"

"पोलाद आहे मी, बिस्कीट नाही!"

चाचांनी तिचे मागचे दांडे हळूहळू फाकवले. कर्रर्र झालं, पण तडा म्हणून गेला नाही. चाक अलगद आत बसलं.

संध्याकाळी शाल्मली तिच्यावरून अख्खा घाट एका दमात चढली.

"आजी, जरा थांबा ना!" माथ्यावर चाक धापा टाकत म्हणालं.

"थांबायला आलेय होय मी? घट्ट धर, आता उतार!"