लाल दोरा आणि तुरेवाली तलंग

एका राज्यात, जिथे वृक्ष वाटसरूला वाट सांगत आणि साळुंक्या दरबारात साक्ष देत, मणिभद्र नावाचा राजा होता. राजा मनाने भला, पण कानाचा हलका. आणि त्याच्या कानाशी सदैव कालकेतू मांत्रिकाचे तोंड.

त्या राज्याची एक रीत होती. सुगीच्या सणाला राजवाड्याच्या परसातले तरणे कोंबडे मुदपाकखान्यात जात. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, राखल्या जात. कोंबडा कोण हे कालकेतू ठरवी आणि त्याच्या पायात लाल दोरा बांधी. ठरवी कसे? तुरा मोठा, चाल ताठ, आवाज चढा, की झाला कोंबडा! मान खाली घालून गप्प राहील ती तलंग. पाखराला हात लावायचा त्याला कमीपणा वाटे. किती बिचाऱ्या हकनाक सुरीखाली गेल्या! सांगतानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

राजकन्या पद्मरेखेने तो कळप पिलांपासून वाढवला होता. एके सकाळी तिने मांत्रिकाला परसातच अडवले.

"मांत्रिका, तू माझ्या तलंगा मारतोस. कंबरेवरची पिसे बघ. कोंबड्याची लांब, टोकदार लोंबतात. तलंगेची गोल असतात."

"मुलीच्या जातीला एवढा आवाज?" कालकेतू म्हणाला. त्याने मूठभर राख फुंकली आणि राजकन्येची तलंग झाली. तुरा चांगला मोठा, लालभडक. "बापाने स्वतः पारखून तुला तलंग म्हटले, तर सुटशील. पण त्याला कुणी हे गुपित सांगितले, तर जन्मभर अशीच राहशील."

कुंपणावरच्या साळुंकीने सारे ऐकले आणि राणी कुमुद्वतीला जाऊन सांगितले. राणीने पदर तोंडात कोंबला. राजा रानोमाळ लेकीला शोधत होता, आणि लेक त्याच्याच परसात दाणे टिपत होती. आईने हे पाहावे आणि गप्प बसावे! काय हा जुलूम!

सणाचा दिवस उजाडला. कालकेतू लाल दोरा घेऊन आला, तो थेट त्या तुरेवालीपाशी. राणी आडवी आली.

"ही तलंग आहे, महाराज."

"तुरा पाहा, महाराज," मांत्रिक म्हणाला. राजाने मान डोलावली.

"चाल पाहा." तलंग ताठ मानेने त्याच्यासमोरून गेली. राजाने पुन्हा मान डोलावली.

मांत्रिकाने तिचा पाय धरून लाल दोरा बांधला. ती परस दणाणून सोडील अशी ओरडली. "आता आवाजही ऐकलात." आणि राजाने, देवा रे, तिसऱ्यांदाही मान डोलावली!

मग मात्र राणीचा तोल सुटला. "तीनदा मांत्रिकाच्या डोळ्यांनी पाहिलेत. तुमचे डोळे काय गहाण पडलेत? तुमची लेक घसा फोडून सांगत होती, एकदा तरी परसात या म्हणून. आलात कधी? आज तरी हात लावून बघा!"

राजा वरमला. त्याने तलंग उचलली. जन्मात कधी कोंबडी धरली नव्हती, हात अवघडले. तिच्या कंबरेवरची पिसे त्याने बोटांनी उलगडली. गोल होती. राणीने कोपऱ्यातले एक गरीब, खालमानेचे पाखरू त्याच्यापुढे धरले. मांत्रिकाने तलंग म्हणून राखलेले. त्याची पिसे टोकदार, लांब, लोंबती.

"हा तर कोंबडा," राजा म्हणाला. मग हातातल्या पाखराकडे त्याने नीट पाहिले. "आणि ही तलंग आहे."

त्याच क्षणी पद्मरेखा त्याच्यासमोर उभी राहिली. केसांत परसातला भुसा, पायात लाल दोरा. राजाने हात पसरले. ती जवळ गेली नाही.

"आबा, माझ्या मागच्या साली वाढवलेल्या तलंगा कुठे आहेत?"

राजाने मान खाली घातली. त्या कुठे गेल्या हे त्याच्या पोटाला ठाऊक होते.

सुटलेला शाप फिरून कालकेतूवर पडला आणि अंगरख्याच्या ढिगातून एक पाखरू फडफडत निघाले. तुरा लाल, पवित्रा ताठ, ओरडणे कर्कश. सेवकांनी लगेच सुरी आणली. "कोंबडाच हा, बाईसाहेब! दिसतोच आहे."

"मागे व्हा," पद्मरेखा गरजली. "आधी बघू दे."

तिने पाखरू काखेत धरले आणि भर उन्हात बसून त्याच्या कंबरेचे एकेक पीस उलगडून पाहिले. मग आपल्या पायातला लाल दोरा सोडून चुलीत टाकला.

"तलंग आहे," ती म्हणाली. "दाणे घाला हिला."

त्या राज्यात पुन्हा कुणी नुसत्या तुऱ्यावरून दोरा बांधला नाही.