म्हादू आणि ज्याचा त्याचा पेसमेकर

एका गावात म्हादू नावाचा एक भोळा माणूस होता. अंगानं रेडा, मनानं वासरू. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, हीच खरी पंचाईत होती. तरी त्याची सोयरीक जमली. शेजारच्या वाडीच्या हरिभाऊंची चंद्रभागा त्याला हो म्हणाली होती आणि तेव्हापासून म्हादूचे पाय जमिनीवर नव्हते.

गावात कुणाला तालुक्याला दवाखान्यात न्यायचं झालं, की पिशवी धरायला म्हादू. आधी त्याच्या चुलत्यांना, तात्यांना, घेऊन जावं लागलं. ते उभ्या उभ्या चक्कर येऊन पडायचे. डॉक्टरांनी त्यांच्या छातीत कातडीखाली काडेपेटीएवढा पेसमेकर बसवला.

"ह्यो करतो काय?" म्हादूनं विचारलं.

"तात्यांचं हृदय मध्येच थांबतं. थांबलं की हा हलकासा धक्का देतो. चालू असलं की गप्प बसतो."

म्हादूनं मान डोलावली. थांबलं की धक्का. सोपं आहे.

गावात शिरताना सरपंचबाई चपलेचा पट्टा लावायला म्हशी डुंबत होत्या त्या हौदाशी थांबल्या. म्हादूनं हलकासा धक्का दिला. बाई हौदात. म्हशी बाहेर.

"आरं, थांबलेल्याला ढकलतोस व्हय?" तात्या कपाळ बडवत म्हणाले.

"हलकासाच दिला," म्हादू म्हणाला.

मग शेजारच्या शेवंताकाकूंच्या छातीत धडधड सुरू झाली. म्हादू त्यांना घेऊन गेला आणि दारातूनच म्हणाला, "डाक्टर, हिलाबी एक पेटी बसवा."

"काकूंना ती नको," डॉक्टर म्हणाले. "यांचं हृदय थांबत नाही, सुसाट धावतं, तेही वेडंवाकडं. धावणाऱ्याला धक्का कशाला? त्याला आवर घालायचा. गोळ्या देतो."

धावेल त्याला आवर. म्हादूला आपली चूक कळली आणि त्याला फार बरं वाटलं.

परतताना शाळेच्या मैदानावर शर्यती चालल्या होत्या. हरिभाऊंचा धाकटा दिनकर सगळ्यांच्या पुढं सुसाट येत होता. दोरी हातभर राहिली, तोच म्हादूनं त्याला कमरेत धरून वर उचललं. बाकीची पोरं खालून निघून गेली. हरिभाऊ तिथंच टाळ्या वाजवत उभे होते. त्यांचे हात हवेतच राहिले.

"म्हादबा," ते शांतपणे म्हणाले, "आता अजून एक येडेपणा झाला, तर सोयरीक मोडली म्हणून समजा."

त्या रात्री म्हादू जेवला नाही.

पुढं हरिभाऊच आजारी पडले. त्यांचं हृदय कधी धावायचं, कधी थांबायचं. डॉक्टरांनी त्यांना पेसमेकरही बसवला आणि गोळ्याही दिल्या. म्हादू पार चक्रावला.

"मग खरं काय धरू?" तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझं लगीन हाय हो."

डॉक्टरांना दया आली. "सगळ्यांना एकच उपाय नसतो, म्हादबा. नुसत्या गोळीनं यांचं हृदय फारच मंद झालं असतं, म्हणून पेटीही लागली. आधी माणूस नीट बघायचा. ज्याला जे कमी पडतं, ते त्याला द्यायचं."

हे मात्र म्हादूच्या डोक्यात पक्कं बसलं.

लग्नाचा दिवस उजाडला. म्हादू शहाण्यासारखा वागला. कुणाला ढकललं नाही, कुणाला धरलं नाही. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, चंद्रभागेनं त्याला हार घातला. हरिभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला.

आता म्हादूची पाळी. त्यानं हार उचलला आणि आधी माणूस नीट बघितला. चंद्रभागेच्या गळ्यात ठुशी होती, बोरमाळ होती, पुतळ्यांची माळ होती. शेजारी भटजी उभे होते. त्यांचा गळा अगदीच मोकळा.

म्हादूनं भटजींना हार घातला. वाजंत्र्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली आणि मांडवभर अक्षता पडल्या.

हरिभाऊंनी सोयरीक मोडायला तोंड उघडलं. पण चंद्रभागा हसून हसून वाकली होती. तिनं भटजींच्या गळ्यातला हार काढून स्वतःच घालून घेतला आणि म्हणाली, "बाबा, मला हाच नवरा पायजे."

म्हादूनं भटजींच्या रिकाम्या गळ्याकडं बघितलं. त्याचा जीव तुटला. मग त्यानं आपल्या गळ्यातला हार काढून त्यांना घातला.